गाऱ्हाणे मांडा, पण चव्हाट्यावर

२०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्यातील अनेक शहरांच्या बाजारपेठा दिवसेंदिवस बंद होत्या. जकातीच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराला व्यापाऱ्यांचा विरोध होता. प्रत्यक्ष करापेक्षाही वहीखात्यांची तपासणी महापालिकेच्या कारकुनाच्या हाती जाणार, ही धास्ती मोठी होती. आणि ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पुढे १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी वार्षिक उलाढाल असलेल्यांना या करातून मुक्ती मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तो कर आणि मुंबईची जकात, दोन्ही इतिहासजमा झाली. व्यापारी संघटनांच्या चिकाटीचे हे फळ बऱ्याच अंशी होते, हे त्यांचे विरोधकही नाकारणार नाहीत.

परंतु २०१५ मध्ये महापालिकांच्या उत्पन्नात जो खड्डा पडला, तो राज्याच्या तिजोरीतून अनुदान देऊन बुजवावा लागला. ती तिजोरी सर्वांची. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या आमच्या वाचकाला त्या वाटाघाटींत कोणी विचारले होते काय? त्याची संघटना नाही, त्याचा अध्यक्ष नाही, आणि मंत्रालयाच्या पायऱ्या चढण्यास त्याला रजा मिळत नाही.

व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन कायदे करणाऱ्यांपुढे आपले म्हणणे मांडावे यात वावगे काहीच नाही. मुंबईचे इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ चे, वालचंद हिराचंद यांनी उभारलेले महाराष्ट्र चेंबर १९२७ चे, पुण्याचे मराठा चेंबर १९३४ चे. परकी सत्तेशी झगडताना देशी व्यापाराला स्वतःची वाणी हवी होती आणि ती या संस्थांनी दिली. रुपयाचा दर १८ पेन्स असावा की १६, या वादात सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी हिल्टन यंग आयोगाचे सदस्य असताना १९२६ साली आपली भिन्नमतपत्रिका लिहिली. १९२७ साली कायदा त्यांच्या मताविरुद्ध झाला. तरी त्यांचा युक्तिवाद छापील आहे. ज्याला तो खोडावयाचा असेल त्याने आजही खोडावा.

आज नेमके हेच घडत नाही. निवेदन दिल्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत येते (आमच्याही येते, हे कबूल केले पाहिजे), पण निवेदनात काय होते ते क्वचितच कळते. कोणत्या संघटनेने कोणत्या मंत्र्याला गाठले याची नोंद सक्तीची करणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. शिवाय संघटनेच्या नावाने जो बोलतो तो बहुधा मोठ्या पेढीचा मालक असतो. गल्लीतल्या किराणा दुकानदाराने वर्गणी भरावी आणि बंदच्या दिवशी फळी लावावी, एवढाच त्याचा वाटा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. करविषयक विधेयकाबाबत शासनाकडे आलेले प्रत्येक निवेदन, मग ते व्यापाऱ्यांचे असो वा कामगारांचे, चर्चेपूर्वी सभागृहाच्या पटलावर ठेवावे. चेंबरांनी तर शासनाची वाटही पाहू नये. आपली निवेदने त्यांनी आजच छापून प्रसिद्ध करावीत. या पत्राच्या स्तंभांत त्यांना जागा मिळेल, आणि त्यांना उत्तर देऊ इच्छिणाऱ्या ग्राहकालाही.