ॲक्शन फिगरचा धंदा करायचाय? मग कलेक्टरला पुढच्या वर्षी काय हवंय ते आधी बघा

"सर, ॲक्शन फिगरचं काम जळगावात चालेल का?" चालेल. पण लहान मुलाच्या बापाला विकायला जाऊ नका. फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, तिथे शंभर रुपयांच्या खेळण्याशी गाठ आहे. त्या भावात तुम्ही टिकणार नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे कलेक्टर. स्वतः कमावणारा, घरात काचेचं कपाट असलेला मोठा माणूस.

या माणसाला कंपन्यांकडून नवनवीन कॅरेक्टर हवेत, असं सगळे म्हणतात. मला नाही पटत. त्याला सुरू केलेली सिरीज पूर्ण झालेली हवी. सहा जणांचा सेट जाहीर केला आणि तिसऱ्यावर थांबलात, तर ते तीन जण त्याच्या कपाटात उभे राहून रोज तुमच्या नावानं बोंब मारतात. साइज सहा इंच ठरवली की शेवटपर्यंत सहाच. गुडघा ढिला पडला तर सुटा पाय मिळाला पाहिजे. आणि खोका चेपलेला आला तर तो बदलून द्या. कलेक्टरसाठी खोका हा पण मालच असतो भाऊ.

आता वेगळेपणाचं बघा. एमआरएफ आणि अमेरिकेची हॅसब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल सुरू केली. गोव्यात कारखाना. त्यांचे बरेच जी. आय. जो अमेरिकेपेक्षा वेगळ्याच रंगांत निघायचे. आज परदेशातले कलेक्टर मुद्दाम तेच भारतीय रंग शोधतात! म्हणून सांगतो, स्पायडरमॅनची नक्कल काढू नका. लायसन्स नसेल तर कायद्यातही अडकाल.

आपल्याकडे विषय कमी आहेत का? दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा घ्या. वर्षानुवर्षं तोच चेहरा, रंग रेघेबाहेर गेलेला. खांदा फिरणारा, हातातली ढाल-तलवार काढून दांडपट्टा देता येणारा मावळा कुणी नीट केला तर मी स्वतः घेईन. पोळ्याच्या बैलजोडीचंही तसंच. (गुलाबाईला मात्र सांधे लावू नका. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मांडतात तिला, लोकांना आवडणार नाही.)

खरी अडचण साच्याची. स्टीलचा साचा लाखांत जातो. सिलिकॉनचा साचा स्वस्त, पण काही डझन नगांत संपतो, आणि त्यात ओतलेलं रेझिन सांध्याला तुटतं. जळगावला चटई-पाइपमुळे प्लास्टिक नवीन नाही, पण ते एक्स्ट्रूजन. तुम्हाला इंजेक्शन मोल्डिंगवाला शोधावा लागेल.

मग पैसा कुठून आणायचा? आधी बुकिंग घ्या. १९७७ च्या नाताळात केनर कंपनीचे स्टार वॉर्सचे पुतळे तयारच नव्हते. त्यांनी चक्क सर्टिफिकेट विकलं आणि १९७८ मध्ये चार पुतळे पोस्टानं घरी पाठवले. हॅसब्रोनं २०१८ मध्ये जब्बाच्या मोठ्या नौकेसाठी अट घातली: ५,००० जणांनी बुकिंग केलं तरच बनवू. किंमत जवळपास ५०० डॉलर. ८,८१० जणांनी बुकिंग केलं.

तुम्ही शंभर बुकिंगची अट ठेवा. पण ते पैसे वेगळ्या खात्यात. दुकानाचं भाडं, पोरांची फी, कशालाही त्यातला रुपया काढायचा नाही. शंभर नाही झाले तर पैसे कोणत्या तारखेला परत, ते पावतीवरच छापा. ही तारीख छापायला जो घाबरतो त्यानं बुकिंग घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. खोक्यावर "फक्त मोठ्यांसाठी" छापलं म्हणजे सुटलो, असं धरून चालू नका. साच्याची ऑर्डर द्यायच्या आधी बीआयएसकडे विचारून घ्या, आणि टेस्टिंगचा खर्च किमतीत पहिल्या दिवसापासून धरा.