वर्षाचं भाडं ८८ सेंट

म्युनिकला उतरायचं, नोइश्वानस्टाइनचा किल्ला बघायचा आणि पुढच्या देशाची बस पकडायची, हा आपल्याकडच्या युरोप सहलींचा ठरलेला रस्ता. वाटेत आउग्सबुर्गला थांबत कुणीच नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. १८६९ मध्ये दुसऱ्या लुडविग राजाने बांधायला घेतलेला तो किल्ला देखणा आहे, यात शंका नाही. पण तो एका राजाच्या हौसेपायी उभा राहिला. म्युनिकहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत येणारं आउग्सबुर्ग मात्र घर, पाणी आणि शेजार या रोजच्या प्रश्नांवर शेकडो वर्षं डोकं लावत आलं आहे. शहरं बघायची ती अशी.

तिथे आधी फुगरायमध्ये जावं. याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये गावातल्या गरीब, कष्टकरी कुटुंबांसाठी ही वसाहत स्थापन केली. भाडं ठरलं वर्षाला एक गुल्डन. ते कधी वाढलंच नाही. आजच्या हिशेबात ते होतात ८८ सेंट, महिन्याचे नव्हे, वर्षाचे! वीज आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. वसाहत बघायला येणाऱ्या पाहुण्याचं एका वेळचं तिकीट या भाड्याच्या कितीतरी पट आहे. अटी मात्र पक्क्या: माणूस आउग्सबुर्गचा हवा, कॅथलिक हवा, गरजू हवा आणि त्याने फुगर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायला हव्यात. थोर संगीतकार मोझार्टचे पणजोबा फ्रान्झ हे गवंडी होते; तेही इथेच राहिले.

पिवळसर भिंती, हिरव्या झडपा, सरळ गल्ल्या. दारांजवळ लोखंडी घंटा ओढायच्या मुठी आहेत, त्या नीट पाहाव्यात. कुठे तिपानी, कुठे सूचिपर्णी झाडाचं फळ, अशी त्यांची घडण वेगवेगळी. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात मूठ चाचपून माणूस आपलंच दार ओळखायचा. रात्री दहाला वेस बंद होते. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याला ५० सेंट द्यायचे, मध्यरात्रीनंतर एक युरो.

हे भाडं पाच शतकं टिकलं ते नुसत्या दानतीवर नाही. वसाहतीच्या न्यासाकडे मोठी जंगलं आहेत आणि मुख्यतः त्यांच्या उत्पन्नावर घरांची देखभाल होते. फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तरी ती पुन्हा उभी राहिली. गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या प्रत्येकाने शिकावं ते हे: इमारतीच्या खर्चाबरोबरच पुढच्या दुरुस्तीची सोय लावून ठेवणं.

पण फुगरचा पैसा कुठून आला, हेही सांगायलाच हवं. चांदी-तांब्याच्या खाणी आणि राजेरजवाड्यांना दिलेली कर्जं यांतून तो आला. १५१९ मध्ये पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून आला, तो मतदार राजांना वाटलेल्या रकमांमुळे, आणि त्यातला मोठा वाटा याकोबचा होता. या शहराच्या हिशेबात आपलाही संबंध येतो. १५०५ मध्ये आल्मेइदाच्या पोर्तुगीज ताफ्याबरोबर मिरी आणायला निघालेल्या जहाजांत फुगर आणि वेल्झर या दोन्ही आउग्सबुर्गी पेढ्यांचा पैसा होता. १५८७ मध्ये तर फर्डिनांड क्रोन हा आउग्सबुर्गचा माणूस त्यांचा प्रतिनिधी म्हणून गोव्यात येऊन राहिला.

पाण्याची गोष्ट याहून थक्क करणारी. लेश नदीचं पाणी कालव्यांनी गावभर फिरवलेलं. त्या प्रवाहावर पाणचक्क्या चालत, त्या झऱ्याचं पाणी उंच मनोऱ्यांत चढवत आणि तिथून ते उताराने घरोघर जाई. पिण्याचं पाणी आणि कामाचं पाणी १५४५ पासून कटाक्षाने वेगळं ठेवलं, दूषित पाण्याने रोग होतात हे विज्ञानाने सिद्ध करण्याच्या कितीतरी आधी. एलियास होल या नगर-वास्तुकाराने १६०९ मध्ये बांधलेला खाटीकखानाही बघण्यासारखा आहे. त्याने इमारतीखालून कालवाच नेला. मांस गार राहायचं आणि घाणही वाहून जायची. युनेस्कोने २०१९ मध्ये ही सगळी पाणीव्यवस्था जागतिक वारसा यादीत घेतली. राजवाड्यांच्या यादीत पंपघरांना मान मिळाला, याचा मला फार आनंद आहे.

८ ऑगस्टला या शहराला सुट्टी असते. फक्त या शहराला! १६२९ मध्ये याच तारखेला प्रोटेस्टंटांच्या उपासनेवर बंदी आली होती. १६४८ च्या तहाने त्यांना हक्क परत मिळाले आणि नगरकारभारातली पदं दोन्ही पंथांत समसमान वाटली गेली. १६५० पासून तो दिवस शांतीचा उत्सव म्हणून पाळला जातो. या शहराचं आणखी एक देणं: रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन १८९७ पर्यंत इथल्याच कारखान्यात सिद्ध केलं. एका उद्यानात त्याच्या स्मरणार्थ शिळांची बाग आहे, ती जपानच्या मागोकिची यामाओका या इंजिन-कारखानदाराने दिलेली.

एक दिवस हाताशी असेल तर वायव्येला साधारण ७० किलोमीटरवरचं न्योर्डलिंगन गाठावं. तटबंदीने पूर्ण वेढलेलं हे गाव एका उल्काविवरात वसलं आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताने झालेलं हे विवर जवळपास २५ किलोमीटर रुंद आहे. आपलं लोणार पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. लोणारप्रमाणेच यालाही लोक आधी ज्वालामुखीचं काम समजत. १९६० च्या सुमारास शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना इथल्या खडकात प्रचंड दाबाखालीच तयार होणारं खनिज सापडलं आणि वाद मिटला. त्याच आघाताने खडकातल्या ग्राफाइटचे सूक्ष्म हिरे झाले. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण गावाच्या चर्चच्या दगडांत ते आहेत. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर खडक ओळखायला शिकले ते याच परिसरात, आणि इथल्या विवर-संग्रहालयात चंद्रावरचा दगडही ठेवला आहे.

सहल कंपन्यांनी किल्ला खुशाल ठेवावा. खरेदीसाठी राखलेली दुपार मात्र आउग्सबुर्गला द्यावी आणि पर्यटकांनीही बुकिंग करतानाच ती मागून घ्यावी.