मांडवीतीरीची दारे

दिवाळी अंकाच्या संपादकाने आरंभी सरत्या वर्षातील साहित्यव्यवहाराचा ताळेबंद मांडावा, लेखकांचे आभार मानावेत आणि कागदाच्या भावाविषयी थोडे हळहळावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. यंदा तो बाजूस ठेवून, ज्या पणजी शहरात आमचे विद्यार्थिजीवन गेले आणि जेथून पोटापाण्यासाठी बाहेर पडल्यावर पुढे केवळ लग्नकार्यापुरतेच जाणे होत राहिले, तेथील काही इमारतींविषयी लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. कारण गेल्या पावसाळ्याअखेर तेथे निवांत मुक्काम घडला, आणि ओळखीच्या एकाही दारामागे ओळखीचा कारभार उरलेला नाही, हे ध्यानी आले.

मांडवीच्या तीरावरील आदिलशाही वाड्यापासूनच आरंभ करावा. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाची ही वास्तू १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती गेली. समुद्रमार्गे आलेले नवे व्हाइसरॉय अधिकारग्रहणापूर्वी येथे उतरू लागले. जुन्या गोव्यातील रोगराईमुळे १७५९ साली व्हाइसरॉयांनी आपले बिऱ्हाडच येथे हलविले. आणि १९१८ साली गव्हर्नर काबोच्या टोकावर राहावयास गेल्यानंतर मागे उरलेल्या दालनांत दफ्तरे आली. गोवा मुक्त झाल्यावर हेच सचिवालय झाले, १९६४ च्या जानेवारीपासून विधानसभाही येथेच भरू लागली, आणि २००० साली ती नदीपलीकडे पर्वरीच्या पठारावर गेल्यावर वाडा संग्रहालय व कलाप्रदर्शने यांच्या कामी आला. ज्या पायऱ्यांवर सुलतानाचे हुजरे उभे राहिले असतील, ज्यांवर पुढे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या अमदानीत अर्ज हाती धरून एखादा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा, दिवसभर ताटकळत असे, त्याच पायऱ्या आज शाळेची पोरे दोन-दोन गाळीत चढतात. आणि हा पालट आम्हांस तरी अवनतीचा वाटत नाही.

पणजीस हे नवे नाही. १८४३ साली राजधानीचा दर्जा मिळालेले हे शहरच मुळी दुसऱ्या एका शहराच्या उतरत्या काळावर उभे राहिले. जुन्या गोव्यातील पडक्या इमारतींचा चिरा येथील बांधकामास लागला, आणि १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू यांच्या अमलात दलदल बुजवून रस्ते व लष्करी बराकी उठल्या. त्याच बराकीत आज पोलिसांचे मुख्यालय आहे. (येथे गणवेशाखेरीज फारसे काही बदलले असेल असे मानण्याचे कारण नाही.) आल्तिन्याच्या टेकडीवरील लिसेंव या पोर्तुगीज विद्यालयात एके काळी मुले लॅटिनची रूपे घोकीत, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे आले तेव्हा वकील त्याच वऱ्हांड्यांतून आपापले मुद्दे घोकीत फिरू लागले, २०२१ साली न्यायालयही पर्वरीस गेले.

मन अडखळते ते जुन्या जीएमसीपाशी, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयापाशी. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची ही परंपरा. काणकोणापासून पेडण्यापर्यंतचा रोगी येथेच यावयाचा, आणि त्याच्या खाटेशी बसलेल्या आप्तांचे डबे, चटया व नवस यांनी वऱ्हांडे भरलेले असावयाचे. पुढे रुग्णालय बांबोळीच्या माळावर गेले. जागा तेथे ऐसपैस आहे, आणि रोग्यांच्या हिताचेच ते झाले. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे ठाणे या जुन्या आवारात आहे. सिनेमाशी आमचे वैर नाही. पण ज्या फाटकातून शिरण्यास दुखण्याखेरीज दुसरा दाखला लागत नसे, तेथे महोत्सवाच्या दिवसांत गळ्यातील ओळखपत्र पाहिले जाते, आणि पहारेकरी ज्याला परत फिरवितो तो कदाचित याच इमारतीत जन्मलेला असतो. वास्तूचा उपयोग पालटला म्हणून शोक करण्याचे कारण नाही. विनापरवाना आत शिरू शकणाऱ्यांची संख्या त्या पालटाने वाढली की घटली, एवढेच विचारावे.

हीच कसोटी नदीला लावली असता मात्र संयम राखणे कठीण जाते. १९८६ च्या जुलैत मांडवीवरील पूल कोसळला तेव्हा पणजी आणि पैलतीरावरील बेती यांच्यामधली सारी ये-जा पुन्हा फेरीबोटींवर आली. मंत्री, मासळीवाली आणि परीक्षेस निघालेला विद्यार्थी त्यांवर एकाच कठड्याला धरून उभे असत. पायी चालणाऱ्याला फेरीबोट आजही फुकट नेते. मांडवीच्या त्याच पाण्यात आता जुगाराची रोषणाईदार जहाजे नांगरलेली असतात, त्यांच्या गिऱ्हाइकांना नेणाऱ्या लाँची धक्क्यास लागतात, आणि संध्याकाळी नदीकाठी हिंडावयास निघालेल्या नागरिकास स्वतःच्या नदीकडे त्या दिव्यांच्या फटींतून पाहावे लागते. सरकारी तिजोरीत यातून महसूल येतो, हे खरे. परंतु नदीचे पात्र अशा रीतीने मक्त्याने देण्याचा हुकूम ज्यांनी काढला, त्यांनी फेरीबोटीतून एकदा बेतीस जाऊन यावे.

याच्या नेमके उलट उदाहरण वाचनालयाचे. १८३२ साली सुरू झालेला हा ग्रंथसंग्रह शहरातल्या शहरात बिऱ्हाडे बदलीत अखेर पाट्ट्यावर स्वतःच्या प्रशस्त इमारतीत स्थिरावला आणि त्यास जुन्या काळचे ग्रंथकार कृष्णदास शामा यांचे नाव मिळाले. तेथे कोणीही जावे, पंख्याखाली बसावे आणि वाचावे. प्रस्तुत अंकाची प्रत आम्ही तेथे धाडणार आहोत. वाचकांस तो फुकट वाचावयास मिळेल, याबद्दल आमच्या व्यवस्थापकांनी नाराजी नोंदविली आहे, ती येथे नमूद करून ठेवतो.