हेराल्डच्या नाकाला भोक नको

आमच्या चाकुरात पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. मद्रासला १९६१ पासून बनलेली ही गाडी. विलायतेतली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार हिच्याच सांगाड्यावरून घडली. परवा पुढच्या नंबर प्लेटवरून घरात महाभारत झाले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाली, आणि बसवणाऱ्याने थेट ड्रिल काढले. वडील आडवे आले!

काही शौकीन पुढची प्लेट लावतच नाहीत, काचेआड ठेवतात. मला ते पटत नाही. लातूर-नांदेड रस्त्यावर कुणी कुणाला उडवून पळाला, तर मागे उरतो तो डोळ्यांत भरलेला नंबर. गाडी देखणी म्हणून तिला सूट कशाला?

पण भोक कशाला, हाही प्रश्न आहेच. हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडते. प्लेट बंपरच्या वर आली तर कड घासणार. गावातल्या वेल्डरने बंपरच्या जुन्याच बोल्टांत लोखंडी पट्टी अडकवली, मध्ये रबरी वायसर घातले. स्नॅप-लॉक पट्टीला, पत्रा शाबूत.

२०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना जुना क्रमांक ठेवण्याची मुभा दिली. ज्यांना इतके कळले, त्यांनी ही पट्टीची सोय प्लेट बसवणाऱ्यांनाही शिकवावी. आमच्या पट्टीला वडिलांनी काळा रंग दिलाय. वाळेपर्यंत शेडकडे फिरकायचे नाही, असा हुकूम आहे.