विमानाचा रेनकोट

दोस्तांनो, पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीला गेलात, तर मच्छीमारांची लगबग जरूर पाहा. होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि झावळ्यांनी, ताडपत्रीनं शाकारून टाकायच्या. घर शाकारतात ना, अगदी तशाच!

आता जरा कल्पना करा. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा किनारा लागतो. तिथल्या एखाद्या माळावर तुमचं स्वतःचं दोन आसनांचं छोटं विमान उभं आहे. वर छप्पर नाही. मग त्याच्यावरही ताडपत्री टाकायची? छे! ताडपत्री वाऱ्यानं फडफडणार आणि तिच्याखालची वाळू काचेवर घासणार. ही 'काच' बहुधा एक प्रकारचं प्लॅस्टिकच असते, तिच्यावर चटकन ओरखडे उठतात. शिवाय आत कोंडलेली खारट दमट हवा धातू खाते, ते वेगळंच.

म्हणून विमानाचं आवरण सदऱ्यासारखं मापानं शिवतात. अँटेना जिथं असेल तिथं नेमकं भोक ठेवतात. आतून मऊ अस्तर लावतात. कापडही असं, की पाऊस आत शिरू नये, पण आतली वाफ बाहेर पडावी. मग पट्टे पोटाखालून घेऊन घट्ट आवळायचे.

पण सर्वांत महत्त्वाचं आवरण कोणतं, ठाऊक आहे? सगळ्यांत चिमुकलं! पंखाखाली किंवा नाकाजवळ एक बारीक नळी असते. तिचं नाव पिटो नळी. समोरून येणारी हवा तिच्यात किती जोरानं दाबली जाते, त्यावरून विमानाचा वेग कळतो. आणि अशी आयती भोकं कुणाला आवडतात? कुंभारणीला! भिंतीवर चिखलाचं घर बांधणारी ती गांधीलमाशीची बहीण.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधून एक बोइंग ७५७ विमान उडालं. त्याआधी ते कित्येक दिवस उभंच होतं आणि पिटो नळ्यांवर आवरणं नव्हती. वेगाचा काटा खोटं बोलू लागला, वैमानिक गोंधळले आणि विमान समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. नळीत किड्यानं घर केलं असावं, असा तपास करणाऱ्यांचा संशय होता.

मग आवरण घातलं की झालं? तेही नाही! १८ जुलै २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून एक विमान आवरणं न काढताच उडालं. तिथं कुंभारणींचा उपद्रव फार, म्हणूनच ती घातली होती. वेग कळेना. सुदैवानं वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरवलं.

म्हणून या आवरणाला लांबलचक लाल फीत लावतात आणि उड्डाणापूर्वी विमानाभोवती पायी फेरी मारून बघतात. तेव्हा कधी विमान जवळून पाहायला मिळालं, तर ती नळी शोधा. लाल फीत लोंबत असेल, तर समजा, स्वारी अजून झोपलीय!