पटावरील पुरंदर

सतराव्या शतकांतील वेढ्याचा खेळ घरीं पटावर मांडावयाचा, तर नियमांत हल्ल्याआधीं तहाचा विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें. १६६५ चा पुरंदरच घ्या. दिलेरखानानें प्रथम शेजारचा वज्रगड घेतला. तेव्हां तो पडतांच मोगलांच्या तोफांचें बळ दुप्पट धरावें. मुरारबाजीच्या निकराच्या छाप्यास एकच फांसा. मग तो मोहरा राहो वा जावो. मात्र बुद्धिबळांतील राजाप्रमाणें गड गेला कीं डाव संपला, हा नियम येथें चालणार नाहीं. शिवाजीमहाराजांनीं तहांत २३ किल्ले देऊन १२ राखले. म्हणून माणसें शिल्लक असतांना बोलणें लावणाऱ्या गड्यास गुण अधिक मिळावेत. शेवटच्या शिपायापर्यंत लढणाऱ्यास किती द्यावेत, यावर मुलांत कडाक्याचा वाद होईल. तो वडीलमंडळींनीं मिटवूं नये.