काळा पडदा आणि नव्वद सेकंद



तुमच्या घरचा संगणक एके दिवशी सुरूच झाला नाही, तर तुम्ही काय कराल? बटण दाबले, आतला पंखा फिरू लागला, पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह क्षणभर चमकले, आणि मग सगळा अंधार! बहुतेक जण बटण पुन्हा दाबतात, पुन्हा दाबतात, आणि शेवटी यंत्र उचलून दुकानात नेतात. तेथे हमखास एक वाक्य ऐकायला मिळते: "फॉर्मॅट मारावा लागेल." म्हणजे डिस्कवरचे सारे पुसून टाकायचे आणि पहिल्यापासून मांडणी करायची.

हे वाक्य ऐकून मान डोलावणे मला मुळीच पटत नाही. प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही, तर आपण सगळा परिपथ उसकटून टाकतो का? नाही. आधी जोडण्या पाहतो, मग घट, मग कळ. मग संगणकानेच असा काय गुन्हा केला आहे?

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर आहे. त्याची मुलगी 2025 साली दहावीत होती. तिने 2024 आणि 2025 या दोन पावसाळ्यांत गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी पावसाची नोंद केली होती. पहिल्या वर्षीचे कागद संगणकात आकडे भरल्यावर रद्दीत गेले. घरचा संगणक दहाएक वर्षांचा, त्यावर लिनक्स घातलेले. आणि नवरात्रात त्याचा पडदा काळा झाला. दुकानदाराने वरील वाक्य ऐकवले. बापाने सांगितले, "पुसून टाका." मुलगी रडू लागली, तेव्हा मला फोन आला.

"सर, मी संगणक घेऊन तुमच्याकडे येते."

पण येणार कशी? नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सांगायला नको. रस्ते वळवलेले, रिक्षा मिळत नाही. तेव्हा ठरले, की यंत्र तेथेच राहील, ती पडद्यावरच्या ओळी फोनवर वाचून दाखवील आणि मी कागदावर लिहून घेईन. या अडचणीचे पुढे मला फार कौतुक वाटले. पडदा माझ्यापुढे असता, तर मीच भराभर कळा दाबल्या असत्या आणि तिला काहीच कळले नसते.

पहिला प्रश्न: कंपनीचे बोधचिन्ह दिसते का? दिसते. म्हणजे मॉनिटर, त्याची केबल आणि चित्र पाठवणारे कार्ड, निदान तेवढ्यापुरती तरी, शाबूत आहेत. एका प्रश्नात यंत्राचा मोठा भाग संशयातून सुटला! बोधचिन्हानंतर काय घडते? एक छोटी आज्ञावली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणते. (हा कर्नल लष्करातला नव्हे, दाण्याच्या आतला गर म्हणतात ना, तो.) हा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली लिहायला घेतला. गाभा जागा झाला, की तो एक क्रमांकाची प्रक्रिया सुरू करतो आणि ती बाकीच्या सेवांना उठवते: घड्याळ, डिस्क, जाळे, ध्वनी, आणि सरतेशेवटी पडद्यावर नाव व परवलीचा शब्द विचारणारी सेवा. तिला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात.

आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर हे उठवण्याचे काम सिस्टिमडी नावाची आज्ञावली करते. ती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी सेवा बहुधा क्रमांकाने, एकीमागून एक उठत. आता शक्य तितक्या एकदम उठतात. मात्र कोणी कोणासाठी थांबायचे, हे लिहून दिलेले असते. या लिहिण्यात एक मेख आहे. टेंभी नाक्यावरचाच दाखला घ्या. मंडपात दिवे लागल्यावर आरती सुरू करायची, असे ठरले. पण वीज गेली, तर थोडा वेळ वाट पाहून निरांजनाच्या उजेडात आरती होतेच. मूर्तीच आली नसेल, तर मात्र आरती कोणाची करणार? 'याच्यानंतर' आणि 'याच्याशिवाय नाही' या दोन वेगळ्या अटी आहेत. सिस्टिमडी त्या वेगवेगळ्या पाळते.

मुलगी सांगू लागली, "सर, पडद्यावर एक लाल चिन्ह पुढेमागे सरकते आहे. एक काम सुरू होण्याची वाट पाहत आहे, असे इंग्रजीत लिहिले आहे. शेजारी सेकंद मोजले जाताहेत."

"किती सेकंदांवर थांबते?"

"नव्वद."

मी मनात म्हटले, सापडला चोर! नव्वद सेकंद ही सिस्टिमडीची वाट पाहण्याची नेहमीची मर्यादा आहे. चौकशी केल्यावर कळले, की मे महिन्यात तिच्या वडिलांनी खरखर आवाज करणारी एक जुनी डिस्क काढून टाकली होती. तिच्यावर स्मृतीला पूरक म्हणून राखलेला एक भाग होता, आणि यादीत त्याचे नाव तसेच राहिले होते. यंत्र रोज त्या गेलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहत होते. कंट्रोल, आल्ट आणि एफ 3 या कळा एकदम दाबल्या, तर बहुतेक लिनक्स यंत्रांवर चित्राऐवजी अक्षरांचा पडदा मिळतो. तिला तो मिळाला. तिने आधी यादीच्या फायलीची प्रत काढली आणि मग त्या ओळीच्या सुरुवातीस # हे चिन्ह घातले. यंत्र पुन्हा सुरू केले. नव्वद सेकंद नाहीसे झाले.

पडदा मात्र काळाच.

अर्धा तास गेला होता आणि चूक माझी होती. वर्गात मी कितीदा सांगतो, की दोन गोष्टी पाठोपाठ दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. तेच मी विसरलो. ती वाट मेपासून सुरू होती, हे मला माहीत झाले होते. पडदा काळा झाला तो सप्टेंबरच्या अखेरीस. शिवाय पूरक स्मृती ही मंडपातल्या दिव्यांसारखी; ती नाही म्हणून आरती अडत नाही. डोळ्यांत भरणारा दोष आणि खरा दोष निराळे होते.

तेव्हा आम्ही यंत्राची रोजनिशी उघडली. हो, संगणक रोजनिशी लिहितो! सिस्टिमडीच्या रोजनिशीला जर्नल म्हणतात, आणि ती वाचण्याची आज्ञा जर्नलसीटीएल (टंकायची अर्थात रोमन लिपीत). नीट ठेवलेली असेल, तर आजचीच नव्हे, मागच्या वेळची नोंदही वाचता येते. मी तिला म्हटले, "आज काय बिघडले ते नंतर. आधी पडदा दिसत होता त्या शेवटच्या दिवसाचा शेवट वाच."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, शेवटच नाही. इतर दिवशी बंद होतानाच्या पुष्कळ ओळी आहेत. या दिवशी मधेच तुटले आहे." आणि लगेच, माझ्याही आधी, "त्या दुपारी लाइट गेले होते!"

पुढचे सोपे होते. त्या दुपारी यंत्र नवा कर्नल उतरवून घेत होते. कर्नल बसला, पण चित्राच्या कार्डाची चालक आज्ञावली नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावी लागते, ते काम विजेने अर्ध्यावर तोडले. आजच्या नोंदीत तेच दिसले: चालक सापडत नाही, डिस्प्ले मॅनेजर उठतो, पडतो, पुन्हा उठतो. सहसा दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले, की सिस्टिमडी त्या सेवेचा नाद सोडते. उरतो काळा पडदा.

पण हा झाला तर्क. खात्री कशी करायची? यंत्र सुरू होताना शिफ्ट कळ दाबून धरली, की तिच्या यंत्रात जुना कर्नल निवडता येत होता. मॉनिटर तोच, कार्ड तेच, डिस्क तीच. बदलला फक्त कर्नल. चित्र आले! प्रयोग म्हणतात तो हा. मग तुटलेली मांडणी पुरी करण्याची आज्ञा दिली, चालक बांधला गेला, आणि नव्या कर्नलवरही पडदा उजळला. एकूण दोन तास लागले, त्यातला अर्धा माझ्या चुकीचा.

फॉर्मॅट नेहमीच वाईट, असे मी म्हणत नाही. डिस्कच मरत असेल, तर कामाच्या फायली बाहेर काढून नवी डिस्क घालणेच शहाणपणाचे. लिनक्स बिघडत नाही, असेही नाही. बिघडते, हे आताच पाहिलेत. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार संपला. त्यामुळे जुन्या यंत्रांवर लिनक्स घालण्याचा सल्ला बऱ्याच घरांना मिळत आहे. सल्ला चांगला आहे. परंतु त्याबरोबर रोजनिशी वाचण्याची सवय दिली नाही, तर तीच यंत्रे वर्षभरात माळ्यावर जातील.

शिक्षकांना येथे माझी एक तक्रार सांगतो. पुष्कळ शाळांच्या संगणक कक्षांत मुलांना आज्ञा टंकण्याचा पडदा उघडू देत नाहीत, 'बिघडेल' म्हणून! बिघडू द्या की. एक जुने यंत्र त्यासाठीच ठेवा. यादीत नसलेल्या डिस्कचे नाव घाला, एखादी सेवा बंद करा, आणि मुलांच्या गटाला दोष शोधायला लावा. अट एकच: प्रत्येक बदल करण्यापूर्वी तो वहीत लिहायचा, आणि एका वेळी एकच बदल करायचा. आज्ञा इंग्रजीत असतात ही सबब फारशी टिकत नाही, पवईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतून ऐकता येतात.

त्या रात्री फोन ठेवण्यापूर्वी तिने पावसाचे आकडे एका पेनड्राइव्हवर उतरवले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि संगणकाच्या टेबलाला दोरीने बांधून टाकली. पहिल्या पानावर तिने तारीख घालून लिहिले आहे: लाइट गेले, चालक अर्धवट, जुन्या कर्नलवर चित्र आले. त्याखाली दुसरी ओळ आहे: सरांचे नव्वद सेकंद, संबंध नाही.